हिस्लॉपच्या मागावर: टाकळघाट, पिसदुरा, जुनापाणी

नागपुरात हिस्लॉप म्हटलं की कॉलेज. पण ते 1883 सालचं, माणूस जाऊन वीस वर्षं झाल्यावरचं. माणसाचा माग काढायचा तर सिव्हिल लाइन्स सोडून गाडी बुटीबोरीकडे काढावी लागते. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री. 1845 मध्ये तो बायकोसोबत नागपुरात आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. राज्य अजून भोसल्यांचं होतं. रेल्वे इथे पोचली 1867 मध्ये, ती त्याच्या नशिबी नव्हती.

माझा मावसभाऊ जानेवारीत केनियाला जातोय, सुवार्तेच्या कामाला. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) त्याचे निरोप समारंभ चालू आहेत, शाली-नारळ चालू आहेत. त्याला मात्र एकच विचारायचं होतं: परक्या मुलखात पाद्री दिवसभर करतो तरी काय? म्हटलं, चल, बाईक काढ.

हिस्लॉपचा दिवस प्रवचनांपेक्षा शाळेतच जास्त जाई. 1846 मध्ये त्यानं नागपुरात शाळा उघडली. त्याआधी मराठी शिकणं आलंच. कामठीच्या छावणीतलं कामही होतं. हिवाळा लागला की गावोगाव दौरा. माझ्या मते त्याचं खरं आयुष्य या दौऱ्यांत आहे. सोबतीला रॉबर्ट हंटर, तोही तरुण पाद्री. दोघं गावात बोलत, आणि वाटेतले दगड उचलून बघत. टाकळीला (हे आता नागपूर शहरातच आलं) त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यातल्या गोगलगायी सापडल्या, कामठीजवळ सिलेवाड्याच्या वालुकाश्मात झाडांची पानं. 1855 मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध लंडनला छापून आला. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर, आणि जीवाश्म पेट्याच्या पेट्या. हे ऐकून मावसभाऊ जरा गप्प झाला. मग म्हणाला, "अहवालात काय लिहित असंल बापा हा?"

पहिला थांबा टाकळघाट. बुटीबोरीपर्यंत नागपूरहून बस भरपूर आहेत, पुढे ऑटो. एमआयडीसीचे ट्रक सकाळी अंगावर येतात, तेव्हा उजाडताच निघा. टाकळघाट-खापा भागात लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. मेलेल्या माणसाभोवती मोठमोठे दगड गोल मांडायचे, अशी ती पद्धत. 1960 च्या दशकात नागपूर विद्यापीठानं इथे उत्खनन केलं. हिस्लॉप याच दगडांसाठी सप्टेंबर 1863 मध्ये इथे आला होता. परतताना अंधार पडला, पाऊस झालेला, नाला भरून आलेला, आणि 4 सप्टेंबरला तो त्यात वाहून गेला. आणखी चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस पुरी झाली असती.

तेव्हा सल्ला सरळ आहे: पावसाळ्यात जाऊ नका. आणि हे हिस्लॉपच्या आठवणीनं हळवं होऊन सांगत नाहीये. काळी माती चाकाला धरली की बाईक ढकलत न्यावी लागते, आणि इथले नाले आजही तासाभरात चढतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. कापसाची वेचणी चालू असते, शेतात माणूस भेटतो, आणि माणसाशिवाय वर्तुळं सापडत नाहीत. अर्धे दगड झुडपात, अर्धे धुऱ्यावर. आम्हाला एका आजोबांनी हटकलं, "काहून फिरून राहिले जी इकडं?" दगड पाहायला आलो म्हटल्यावर ते पुढे आणि आम्ही मागे. हेतू असा सरळ सांगावा. मिशनरी, पाद्री हे शब्द आजकाल गावात वेगळेच ऐकू येतात, तेव्हा उगाच आडून बोलू नका. कुणाच्या शेतात शिरताना विचारा, तूर मोडू नका.

पुढे जाम फाट्यावरून हिंगणघाटचा रस्ता सोडून वरोऱ्याकडे वळायचं. पिसदुरा वरोऱ्याजवळ आहे. हिस्लॉपला इथे प्रचंड हाडं मिळाली, ती डायनोसॉरची. नंतर इथल्याच विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि 2005 मध्ये डायनोसॉरांच्या काळातही गवत होतं हे जगाला कळलं. जागा दिसायला काहीच नाही. उघडं रान, विखुरलेले खडे, माथ्यावर ऊन. पाटी शोधू नका. सोबत पाणी न्या, टोपी न्या, आणि खिशात काही टाकून आणू नका. तिथून उचललेला दगड घरी नुसता दगड होतो, कुठल्या थरातला ते सांगायला मग कुणी उरत नाही. जेवण वरोऱ्यात करा. आम्हाला भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा मिळाला, मावसभावानं दोनदा भाकरी मागून घेतली. केनियात काय मिळेल याची चिंता त्याला तिथेच लागली असावी.

वेळ उरला तर आनंदवन वरोऱ्यालाच आहे, पण घाईत बघण्याची ती जागा नव्हे.

जुनापाणी वेगळ्या दिवशी करा. ते उलट्या दिशेला, नागपूरहून काटोल रोडनं, आणि तिघांत सगळ्यात सोपं. सुमारे तीनशे वर्तुळं, काही दगडांवर वाटीसारखे खळगे. सकाळचं तिरपं ऊन असताना ते नीट दिसतात, दुपारी नाही. जवळच माहुरझरी, तिथल्या वर्तुळांत माणसांबरोबर तांब्याचे दागिने घातलेले घोडेही पुरलेले निघाले.

मावसभावाला सगळ्यात जास्त पटलं ते मात्र दगडांपैकी काहीच नव्हतं. हिस्लॉपनं गोंडांचं लिंगोचं (त्यांच्या आदिपुरुषाचं) गाणं परधानांकडून, म्हणजे गोंडांच्या भाटांकडून, उतरवून घेतलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, मध्य प्रांताचा इंग्रज चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यानं त्याचे कागद छापले, त्यात ते आहे. प्रवचन द्यायला गेलेला माणूस समोरच्याचं गाणं लिहून घेत बसला. मावसभाऊ आता स्वाहिली शिकवणारा कुणी नागपुरात मिळतो का ते शोधतोय.

परतीची एसटी वरोऱ्याहून धरायची असेल तर चंद्रपूर-नागपूर गाड्या दिवसभर असतात, पण लग्नसराईत उभं राहायची तयारी ठेवा. बाईकवाल्यांनी सूर्य मावळायच्या आत जाम ओलांडावं, नंतर कापसाचे ट्रॅक्टर विनादिव्याचे चालतात.