चौथी शिकलेले खजिनदार

जमनालालजी बजाज शाळेत शिकले ते वर्ध्यात, मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं कापसाच्या पेढीवर. आपल्या शाळेतली बहुतेक पोरं कापूस पिकवणाऱ्या घरांतली, म्हणून पेढीवरचं ते शिक्षण काय असतं ते आधी सांगतो.

कापसाची गंजी, म्हणजे रचलेला ढीग, वरून पांढरीशुभ्रच दिसते. जाणकार कोपरापर्यंत हात आत घालतो. आत ऊब लागली की समजायचं, माल ओला भरला आहे. ओलावा ८ ते १२ टक्के चालतो. त्यापुढे गेला की गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, जिनमध्ये, म्हणजे रुईपासून बी वेगळं करणाऱ्या यंत्रात, सरकी चेंगरून डाग चढतात. माल अती वाळला तर धागाच तुटतो. क्विंटलभर कापसातून रुई उतरते साधारण ३३ ते ३५ किलो. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस खातो. उतारा एका किलोने घटला तरी नफा गेला. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेला हलका कापूस, मिसळलेली ओळखू आली नाही, तर पेढी बसते.

असा तपासणारा हात सार्वजनिक पैशाला मिळाला, हे मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. नागपूरच्या १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. त्यानंतर पक्षाचे खजिनदार झाले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी जमले. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी त्यांनी पदरचे एक लाख दिले आणि रायबहादुरकी परत केली. सोडण्याची सवय जुनीच. दागिने घालायला नकार दिल्यावरून दत्तक घराण्यातले आजोबा बच्छराजजी रागावले, तेव्हा सतरा वर्षांच्या या पोरानं इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचं चक्क स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला मुलगा, तोंडी काही ठेवलं नाही.

१९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं. पुढे गांधीजींना वर्ध्यातली आपली बाग, मगनवाडी, दिली. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे.

पण बाजार समितीत रोज बोली ऐकणाऱ्यांनी १९२३ चा एक लिलाव जरूर लक्षात ठेवावा. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींना तुरुंगवास आणि दंड झाला. दंड भरायला त्यांनी नकार दिला. सरकारनं मोटार जप्त करून लिलाव पुकारला. नागपुरात एकही बोली लागली नाही.