चार इनपुटांच्या ट्यूब ॲम्पमध्ये पायाने बदलणारे दोन चॅनल

माझ्याकडचा 50 वॉटचा गिटारचा ट्यूब ॲम्प (ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह) मार्शलच्या 1987 या मॉडेलच्या सर्किटवर किटमधून बांधलेला आहे. 1987 हा मॉडेलचा आकडा, साल नव्हे. सर्किट साठच्या दशकातलं. समोर चार इनपुट जॅक आणि दोन व्हॉल्यूम. दिसायला दोन चॅनल, पण गाणं चालू असताना एकावरून दुसऱ्यावर जायचं तर गिटारची वायर उपसून दुसऱ्या जॅकमध्ये खुपसायची. आणि आवाज फुटायला (म्हणजे डिस्टॉर्शन) हवा असेल तर व्हॉल्यूम आठच्या पुढे न्यायचा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी खपून जातं, एरवी नाही. पेडल लावून काम भागत होतं. पण पहिल्याच व्हॉल्व्हमधला अर्धा भाग रिकामा बसलेला दिसत असताना पेडलवर पैसे घालायला जीव होईना.

रिकामा कसा? ईसीसी 83 या व्हॉल्व्हच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. ट्रायोड म्हणजे सिग्नल मोठा करणारा भाग: सिग्नल ग्रिडला शिरतो, ॲनोडवरून (प्लेटवरून) मोठा होऊन निघतो आणि करंट कॅथोडमधून वाहतो. या सर्किटमध्ये पहिल्या ईसीसी 83 चा एक ट्रायोड ‘ब्राइट’ चॅनलला आणि दुसरा ‘नॉर्मल’ला दिलेला आहे. दोघांचे सिग्नल 470 के (किलोओहम) च्या दोन रेझिस्टरमधून एकत्र येतात आणि दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये शिरतात. एकच चॅनल वाजवलात तर दुसरा ट्रायोड नुसता तापत बसतो. ही रचना मुळात फेंडरची. 1962 मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला जेटीएम 45 तयार झाला तो फेंडरच्या बासमन 5एफ6-ए वरून, आणि चार जॅक त्याच्याबरोबरच आले. एकाच ॲम्पमध्ये दोघातिघांनी वाद्यं लावायची असा तो काळ होता. पुढे 1975 साली कंपनीने 2203 मध्ये हेच दोन ट्रायोड एकामागे एक जोडले, शेवटी मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज कमीजास्त करणारा) दिला, आणि ऐंशीच्या दशकातल्या अर्ध्याअधिक हार्ड रॉकचा आवाज तिथून निघाला. मात्र त्यात वेगळा क्लीन, म्हणजे न फुटलेल्या आवाजाचा, चॅनल उरला नाही. मला दोन्ही हवे होते आणि तेही पायाच्या बटणावर.

म्हणून आणखी एक ईसीसी 83 वाढवायचं ठरवलं. नॉर्मल चॅनल होता तसा ठेवायचा, तोच क्लीन. ब्राइट चॅनलचा ट्रायोड गेन पॉटमधून (पुढे किती सिग्नल जायचा ते ठरवणाऱ्या फिरत्या बटणातून) नव्या व्हॉल्व्हच्या एका ट्रायोडकडे न्यायचा. तिथून 470 के चा रेझिस्टर आणि त्याच्याखाली 500 के चा पॉट, म्हणजे ड्राइव्हची (फुटलेल्या आवाजाच्या चॅनलची) स्वतंत्र लेव्हल. दोन्ही चॅनल रिलेपाशी (विजेने हलणाऱ्या स्विचपाशी) येतात आणि जो निवडला तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जातो. त्यानंतरचं सगळं, म्हणजे कॅथोड फॉलोअर, टोन, फेज इन्व्हर्टर आणि दोन ईएल 34 हे पॉवर व्हॉल्व्ह, सामाईक.

नव्या ट्रायोडच्या कॅथोडला 10 के लावला, बायपास कपॅसिटर नाही. या एका रेझिस्टरमध्ये त्या आवाजाचा जीव आहे. एरवी तिथे 820 ओहम ते 2.7 के असतो. 10 के वर व्हॉल्व्ह इतका थंड चालतो की लाटेची एक बाजू लगेच कापली जाते आणि दुसरी बरीच मोकळी राहते. नंतर मोजलं तेव्हा कॅथोडवर 3 व्होल्ट होते, म्हणजे जेमतेम 0.3 मिलीअँपिअर करंट. पुढच्या 820 ओहमच्या स्टेजमध्ये त्याच्या चौपटीहून जास्त वाहत होता.

रेझिस्टरांचे हे सगळे आकडे लोकांनी पन्नास वर्षं घासूनपुसून ठरवलेले आहेत, त्यात माझं कर्तृत्व शून्य. काम खरं होतं ते वायर कुठून न्यायची याचं.

सामानाची जमवाजमव पुण्यातच सुरू केली. तपकीर गल्लीत रेझिस्टर, 12 व्होल्टचे रिले, 9 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, डायोड असं सगळं हातोहात मिळालं. अडलं ते 500 व्होल्टच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. मागितला की दुकानदार म्हणतो, “साडेचारशेचा चालेल की!” नाही चालत. ॲम्प सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत सप्लायवर काहीच भार नसतो आणि व्होल्टेज नेहमीच्या वर चढून बसतं. तो कपॅसिटर आणि नऊ पिनांचं सिरॅमिक सॉकेट शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळालं.

व्हॉल्व्ह दिला तो पेठेतल्या एका रेडिओवाल्या काकांनी. मांडवात लागायचे ते व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. खोक्यातून त्यांनी भारत इलेक्ट्रॉनिक्सचा बंगळुरूला बनलेला ईसीसी 83 काढला, शर्टाला पुसला आणि माझा कागद बघून म्हणाले, “अरे, आम्ही जन्मभर डिस्टॉर्शन घालवायचे पैसे घेतले, आणि तू खर्च करून आणतोयस?” मी म्हटलं, “काका, तुम्ही फक्त वायरिंग बघा ना.” त्यांनी पेन्सिलीने गेन पॉटपासून नव्या सॉकेटपर्यंतच्या रेषेला गोल केला. “ही ग्रिडची वायर वीतभर जाते. वीतभर ग्रिड म्हणजे एरियल. ही आधी सोडव, बाकीचं होईल.”

ॲम्प उघडण्याबद्दल एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट तग धरून असतात आणि ते जीव घेऊ शकतात. मी 10 के, 5 वॉटच्या रेझिस्टरला दोन क्लिपा लावून ठेवल्या आहेत. दर वेळी त्यातून कपॅसिटर रिकामे करायचे, मीटर लावून शून्य बघायचं, मगच हात घालायचा. चालू ॲम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प सुरू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ज्याला हे सवयीचं नाही त्याने आधी कुणा जाणत्याच्या शेजारी बसावं.

समोरच्या पट्टीला एकही नवं भोक पाडायचं नव्हतं. चार जॅकांच्या जागी आता एक इनपुट, ड्राइव्हची लेव्हल, मास्टर व्हॉल्यूम आणि एक लाल एलईडी आहे. पॉटची मान भोकापेक्षा किंचित बारीक होती, ती वॉशरने झाकली. नव्या सॉकेटसाठी मात्र चासिस कापावी लागली. स्टेप ड्रिलने भोक पाडताना आतल्या बोर्डवर ओलं फडकं अंथरलं होतं, तरी लोखंडाचा कीस कुठे कुठे जातो ते ब्रशने झाडायला लागल्यावर कळतं. भोकापेक्षा झाडण्यात जास्त वेळ गेला.

हीटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांचा, हिशोब आधीच केला होता. दोन ईएल 34 मिळून 3 अँपिअर, तीन ईसीसी 83 चे 0.9, नव्याचे 0.3, एकूण 4.2. ट्रान्सफॉर्मर 5 अँपिअरचा, म्हणजे ते ठीक. मग रिलेलाही याच 6.3 व्होल्टवर का चालवू नये, असं कुणालाही वाटेल, आणि बरेच जण तसं करतातही. पण माझ्या हीटरच्या वाइंडिंगचा मधला टॅप ग्राउंडला आहे. त्यावर ब्रिज रेक्टिफायर लावून त्याचं निगेटिव्ह ग्राउंड केलं की अर्धं वाइंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं. निगेटिव्ह तरंगतं ठेवलं तरी फूटस्विचचा धातूचा जॅक चासिसला टेकल्याबरोबर तोच प्रकार. प्लॅस्टिकचा जॅक हा एक उपाय आहे, पण पुढे कधी कुणी तो बदलून धातूचा लावला तर? म्हणून वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर. 9 व्होल्ट एसी रेक्टिफाय केले की साडेअकराच्या आसपास डीसी मिळतं, 12 च्या रिलेला ते पुरतं. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावला.

रिले दोन पोलचा घेतला. पहिला पोल चॅनल निवडतो. दुसरा पोल क्लीन चालू असताना नव्या ट्रायोडचं ग्रिड ग्राउंडला धरतो. हे केलं नाही तर ड्राइव्ह चॅनल मागे आपला गुणगुणत राहतो आणि क्लीनमध्ये पातळ, चिरका आवाज झिरपतो. नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा 10 के चा ड्रॉपिंग रेझिस्टर आणि 22 मायक्रोफॅरडचा फिल्टर दिला. त्या स्टेजचे ग्राउंड त्या कपॅसिटरपाशी गोळा करून तिथून एकच वायर पुढे नेली. उरलेल्या ट्रायोडचे ग्रिड आणि कॅथोड ग्राउंड करून ठेवले.

पहिल्यांदा सुरू केला तो अर्थात सिरीज बोर्डवर, म्हणजे लाइन आणि ॲम्प यांच्या मध्ये बल्ब जोडून. हल्ली 100 वॉटचा तारेचा बल्ब मिळवणं हेच एक काम झालंय; एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच दाबला, बल्ब क्षणभर लखकन पेटला आणि मंदावला. तसाच पेटून राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट. मग व्हॉल्व्ह एकेक चढवले, व्होल्टेज मोजली आणि थेट लाइनवर घेतला.

आवाज आला, सोबत घरघरही आली. घरघर कुठली ते गिटारवाल्याला कानाने कळतं. सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी 98 हर्ट्झचा असतो. घरघर त्याच्या सुरात असेल तर ती 100 हर्ट्झची, म्हणजे फिल्टरिंगकडे बघायचं. एक सप्तक खाली असेल तर 50, म्हणजे हीटर नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. माझी खालची होती. छोट्या ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडवून, दर वेळी ॲम्प बंद करून, तो वेगवेगळ्या कोनांत बसवून बघितला. काटकोनात वळवल्यावर घरघर इतकी उतरली की पंख्याच्या आवाजात ऐकू येईना.

दुसरा पाहुणा म्हणजे शिट्टी. गेन सातच्या पुढे गेला की गिटारला हात न लावता ॲम्प किंचाळायचा. यावर बांबूची काडी हे सर्वांत कामाचं हत्यार आहे. चालू ॲम्पमध्ये काडीने एकेक वायर हलकेच ढकलायची. बोर्डवरून जाणाऱ्या त्याच वीतभर वायरला काडी लागली आणि शिट्टीचा सूर बदलला. वायर दुसऱ्या व्हॉल्व्हच्या ॲनोडच्या वायरीला समांतर जात होती. पुढचा मोठा सिग्नल मागे झिरपून पुन्हा पुढे येत होता. तिथे शील्डची वायर घातली, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड केलं, वायर चासिसच्या कोपऱ्यातून दाबून नेली आणि 33 के चा रेझिस्टर थेट सॉकेटच्या 2 नंबरच्या पिनला सोल्डर केला. आता गेन दहावर नेला तरी शिट्टी नाही, फक्त व्हॉल्व्हचा सळसळाट. काकांना सांगितलं तर म्हणाले, “मग काढून कशाला दिलं होतं?”

बटण दाबताना ‘ठप्प’ असा मोठा आवाज यायचा. रिलेच्या दोन्ही इनपुटांपाशी 2.2 मेगओहम ग्राउंडला लावले, त्यामुळे कपॅसिटरची बाजू तरंगती राहत नाही. ठप्पची टकटक झाली. एलईडी आणि एलडीआरचा (उजेडाने बदलणाऱ्या रेझिस्टरचा) जोड वापरला असता तर तीही गेली असती, पण तो सावकाश बदलतो आणि मला ताडकन बदलणारा हवा होता.

शेवटी ईएल 34 चं बायस, म्हणजे काहीच वाजत नसताना किती करंट वाहतो ते, बघितलं. प्लेटवर 420 व्होल्ट. एक व्हॉल्व्ह सोसतो त्या 25 वॉटचे 70 टक्के म्हणजे साडेसतरा, त्या हिशोबाने दर व्हॉल्व्हला साधारण 42 मिलीअँपिअर. कॅथोडला 1 ओहमचे रेझिस्टर आहेत, त्यामुळे मीटरवर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर. त्यात स्क्रीनचाही करंट येतो म्हणून मी 38 वर थांबलो.

आता मास्टर दोनवर ठेवून रात्री नऊ वाजता ड्राइव्ह वाजवता येतो. पॉवर व्हॉल्व्ह ताणल्यावर मिळणारा तो छातीत बसणारा धक्का अर्थातच यात नाही, तो मिळवायला स्पीकर हलावाच लागतो. क्लीन मात्र पूर्वीपेक्षा मोकळा वाटतो, कारण आता त्याला ब्राइट चॅनलच्या मिक्सिंग रेझिस्टरमध्ये अर्धा सिग्नल गमवावा लागत नाही. अडचण उरली ती टोनची. क्लीनला जितका ट्रेबल लागतो तितक्यावर ड्राइव्ह कानात घुसतो. उरलेला ट्रायोड वापरून ड्राइव्हला वेगळे टोन पॉट देता येतील, पण त्यासाठी समोरच्या पट्टीला भोकं पाडावी लागतील. तूर्त ट्रेबल पाचवर ठेवून दोघांचं भागवतोय.