मागे एक पाटा वाढवू का?

कॅम्परव्हॅन बांधून झाली की हा प्रश्न ठरलेला: घाटात गाडी फार डोलते, मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवू का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो, एवढ्यात नको.

आधी वजनकाटा गाठा. पाणी, गॅस, सामान, माणसं, सगळं भरून पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. बहुतेकांचं दुखणं तिथेच सापडतं. समजा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं अंतर) 3 मीटर आहे आणि 100 लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या 1.5 मीटर मागे टांगली आहे. ती भरली की मागे 150 किलो वाढतात आणि पुढचे 50 कमी होतात. स्टीअरिंग हलकं पडतं, गाडी तरंगल्यासारखी वाटते. मग शिव्या पाट्याला! टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, फरशीखाली घ्या. टायरमधली हवाही काट्यावरच्या वजनाला जुळवून, टायर थंड असताना भरा. हवा जास्त झाली की गाडी आदळते, कमी पडली की टायर तापतो.

आता डोलणं. त्यावर खरा इलाज अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो. एक वर, एक खाली झालं तरच पिळला जातो आणि अडवतो. म्हणून पाटे मऊ राहूनही वळणावर गाडी कमी कलते. फुकट मात्र काहीच नाही. एकाच चाकाखाली खड्डा आला की झटका दुसऱ्या बाजूला जातो, बसलेल्यांची मुंडकी डावी-उजवीकडे हलतात. आणि फक्त मागचाच बार जाड केलात, तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू आधी सुटते. त्याआधी जुन्या बारचे बुश (बार जिथे धरलेला असतो तिथली रबरं) बघा. ते झिजले असतील तर बार असून नसल्यासारखा.

स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा हेलकावली तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत. नवे फार कडक घेऊ नका. रिबाउंड (दाबलेली स्प्रिंग परत उसळताना शॉकॲब्सॉर्बर करतो तो अडथळा) जास्त असला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला उशीर होतो, गाडी खाली खाली बसत जाते आणि ॲक्सलच्या वरच्या, शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर आपटते.

पूर्ण भारात उभी असतानाच ॲक्सल त्या रबराला टेकत असेल, तरच पाटा वाढवा किंवा स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे बसवा. फुग्यांच्या डाव्या-उजव्या नळ्या वेगळ्याच ठेवा. जोडल्यात तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा मोकळ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते.