ल्योंहून एका दुपारच्या जेवणासाठी: तुम्ही विचारलंत म्हणून

"ल्योंला चार दिवस आहोत. एक दिवस शहराबाहेर जाऊन, एकदाच पण अगदी नावाजलेल्या ठिकाणी जेवायचं आहे. कुठे जावं?" फ्रान्सची तिकिटं हातात आली की हा प्रश्न हमखास येतो. त्याला जोडून दुसराही येतो: "आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत, चालेल ना?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: व्हिएन या ल्योंजवळच्या गावी जा, दुपारी जा, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. दुसऱ्याचं उत्तर "चालेल, पण आधी कळवलंत तरच", आणि त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मुळात इतकी मोठी खानावळ-घराणी ल्यों सोडून बाहेरच्या गावांत का? कारण रस्ता. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग ७ रोआन, ल्यों, व्हिएन, व्हालांस असा उतरत जातो. १९२०-३०च्या दशकांत मोटारवाले श्रीमंत या रस्त्याने दक्षिणेला निघत आणि वाटेत जेवायला, मुक्कामाला थांबत. टायर विकणाऱ्या मिशलॅं कंपनीने आपल्या मार्गदर्शिकेत १९२६ पासून तारे द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये तीन ताऱ्यांची उतरंड आणली. एक तारा म्हणजे चांगलं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करावी असं, आणि तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असं. १९३३ मध्ये व्हिएनच्या फेर्नां प्वां या शेफना तीन तारे मिळाले. त्याच वर्षी अजेनी ब्राझिए या बाईंच्या दोन्ही खानावळींना प्रत्येकी तीन मिळाले: एक ल्यों शहरात, दुसरी शहराच्या पश्चिमेला कोल द ला ल्युएरच्या डोंगरावर. म्हणजे जेवणासाठी ल्योंबाहेर पडणं ही इथे जवळपास शंभर वर्षांची रीत आहे, पर्यटन खात्याने काढलेली टूम नाही.

आता आखणी. बहुतेक लोक आधी टेबल राखतात, मग गाडी बघतात, आणि तिथेच फसतात. क्रम उलटा ठेवा: परतीची गाडी, मग टेबल, मग तिकीट. जेवण कमीत कमी अडीच तास चालतं, लांबलचक मेनू घेतला तर साडेतीन. सव्वाबाराला बसलात तर साडेतीनच्या आत उठण्याची आशा धरू नका. प्रादेशिक गाड्यांना, म्हणजे तेएरला, आसनाचं आरक्षण लागत नाही आणि तिकीट सहसा आयत्या वेळी महाग होत नाही, म्हणून ते शेवटी काढलं तरी चालतं. वेगवान तेजेव्हेचं तसं नाही, ती जितकी उशिरा घ्याल तितकी महाग.

रात्रीचं जेवण बाहेरगावी ठेवूच नका. आठला बसून साडेअकराला उठायचं, तेव्हा परतीची गाडी गेलेली असते आणि लहान गावात टॅक्सी मिळेलच असं नाही. शिवाय कित्येक घरी, म्हणजे अशा खानावळींत, दुपारी, तेही कामाच्या दिवशीच, आखूड आणि स्वस्त मेनू असतो. स्वयंपाकघर तेच, सॉस तेच, फक्त पदार्थ कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो पुरून उरतो.

वारांची काळजी घ्या. ही घरं आठवड्यात सलग दोन दिवस बंद असतात, कुठे सोमवार-मंगळवार, कुठे मंगळवार-बुधवार. शिवाय वर्षात काही आठवड्यांची सुट्टी, बहुधा जानेवारीत किंवा ऑगस्टमध्ये. नोंदणी करताना कार्डाचा क्रमांक घेतात. न कळवता गेला नाहीत किंवा आयत्या वेळी रद्द केलंत, तर माणशी ठरलेली रक्कम कापली जाते. ती रक्कम आणि रद्द करण्याची मुदत नोंदणीच्या पानावर बारीक अक्षरांत असते, ती वाचा. चौघांचं टेबल घेऊन तिघं गेलात तरी एकाचा भुर्दंड पडू शकतो.

व्हिएन हे सर्वांत सोपं प्रकरण. ल्योंच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटर, तेएरने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. स्थानक गावातच आहे. सकाळी दहाच्या सुमाराला उतरा. ऑगस्टस आणि लिव्हिया यांचं रोमन मंदिर भर चौकात उभं आहे, ते बघा. टेकडीच्या उतारावरचं रोमन नाट्यगृहही जेवणाआधीच उरका, कारण जेवून तो चढ चढवत नाही. शनिवारी सकाळी गावात मोठा बाजार भरतो. गर्दी चालणार असेल तर शनिवारही वाईट नाही, पण मग दुपारचा स्वस्त मेनू बहुधा हुकतो.

बाराच्या सुमाराला दक्षिणेकडे चालायला लागा. रस्त्याच्या मध्यात चार कमानींवर उभा असलेला दगडी सुळका दिसेल. तो रोमन काळातल्या रथशर्यतीच्या मैदानातला. त्याच्यावरूनच जवळच्या खानावळीचं नाव पडलं: ला पिरामिद. फेर्नां प्वां यांची हीच ती जागा. पॉल बोक्यूज, त्र्वाग्रो बंधू आणि आलॅं शापेल हे पुढे गाजलेले शेफ याच स्वयंपाकघरात शिकून गेले. १९५५ मध्ये प्वां वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नी मादो यांनी तीस वर्षं घर सांभाळलं आणि तिन्ही तारे टिकवले. १९८९ पासून ते पात्रिक आन्रीरू यांच्याकडे आहे. मुख्य दालन खिशाला जड वाटलं तर त्याच आवारात त्यांचं साधं बिस्त्रोही आहे. आमचं मत स्पष्ट आहे: अशा जेवणाची सवय नसेल आणि बरोबर मुलं असतील तर बिस्त्रोच घ्या. तीन तास गप्प बसवलेल्या मुलांमुळे जेवणाची मजा कोणालाच येत नाही.

इथे वाइन घ्यायचीच असेल तर जवळपासची घ्या. नदीपल्याड कोत-रोतीचे मळे आहेत, जरा खाली कोंद्रियचे. कोंद्रिय ही व्हियोन्ये या एकाच द्राक्षाची पांढरी वाइन, जर्दाळूच्या वासाची. पेला मागा, बाटली नको. गाडी चालवत आला असाल तर फ्रान्सची मर्यादा रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम आहे, आणि प्रत्येक पदार्थासोबत एक पेला अशी जोडी घेतलीत तर ती सहज ओलांडते.

बाकीची घरं थोडक्यात. कोलोंज-ओ-मों-दोरला बोक्यूज यांचं घर आहे, ल्योंपासून जेमतेम दहा किलोमीटर, सोन नदीच्या काठी. १९६५ पासून तीन तारे होते, बोक्यूज २०१८ मध्ये गेले आणि २०२० मध्ये तिसरा तारा गेला. तिथे नाविन्य शोधायला जाऊ नका. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीसाठी बनवलेलं काळ्या ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक अळंबीचं, सूप प्यायला जा. वाडग्यावर पापुद्र्यांचं फुगलेलं झाकण असतं, ते चमच्याने फोडून तुकडे आतच पाडायचे. झाकण बाजूला काढून ठेवलंत तर निम्मी मजा गेली.

व्होनाला जॉर्ज ब्लां यांनी जवळपास अख्खं गावच जेवणाचं केलं आहे. १९८१ पासूनचा तिसरा तारा २०२५ मध्ये गेला, तरी ब्रेसच्या कोंबडीसाठी इथेच जावं. निळसर पाय, पांढरी पिसं, लाल तुरा. प्रत्येक पक्ष्याला किमान दहा चौरस मीटर गवत आणि जवळपास चार महिन्यांचं आयुष्य, शेवटी काही दिवस लाकडी पिंजऱ्यात मका आणि दूध. १९५७ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. सायीच्या सॉसमधली ही कोंबडी आणि सोबत बटाट्याची छोटी जाड धिरडी, हे इथलं ठरलेलं ताट. अडचण गाडीची: माकों किंवा बूर-आं-ब्रेसला बदलावी लागते आणि पुढच्या गाड्या मोजक्या आहेत. मोटार असेल तरच व्होनाचा विचार करा.

व्हालांसला आन-सोफी पिक आहेत. त्यांच्या आजोबांना १९३४ मध्ये, वडिलांना १९७३ मध्ये आणि त्यांना २००७ मध्ये तीन तारे मिळाले. इथे एक सापळा आहे. व्हालांस तेजेव्हे हे स्थानक शहरापासून दहाएक किलोमीटर दूर आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचलो म्हणून खूश होता आणि मग शहरात शिरायला तितकाच वेळ जातो. सव्वा तासाची साधी तेएर घेऊन व्हालांस व्हीलला उतरा.

रोआनच्या त्र्वाग्रोंना १९६८ मध्ये तिसरा तारा मिळाला. रेल्वे स्थानकासमोरचं त्यांचं घर २०१७ मध्ये ऊश या खेड्यात हललं. त्यामुळे आता रोआनला उतरून टॅक्सी करावी लागते, आणि ती आदल्या दिवशी सांगून ठेवायची, परतीची वेळही तेव्हाच. स्थानकावर टॅक्सी उभी असेल या भरवशावर गेलेले लोक सव्वाबाराच्या टेबलाला एक वाजता पोचतात, आणि दीडच्या सुमाराला स्वयंपाकघर नवी मागणी घेणं थांबवतं.

आता शाकाहार. "मांस नको" एवढंच सांगून फ्रान्समध्ये भागत नाही. सॉसचा पाया बहुधा वासराच्या हाडांच्या रश्शाचा असतो, त्यामुळे ताटात दिसणारी भाजीसुद्धा त्यात न्हालेली असते. गोमांस न खाणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं: कोंबडी मागवलीत तरी वरचा सॉस वासराचा असू शकतो. वर सांगितलेलं ट्रफलचं सूप वरून निरुपद्रवी दिसतं, पण आत मांसाचा रस्सा आणि बदकाचं किंवा हंसाचं यकृत असतं. गोडात जिलेटिन असतं. जुन्या पद्धतीच्या बहुतेक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं विरजण, म्हणजे रेनेट, वापरतात. ते चालतं की नाही हे घरीच ठरवून जा, टेबलावर चर्चा नको.

नोंदणीच्या वेळीच लिहा आणि तीन दिवस आधी पुन्हा ई-मेल करा. साधं इंग्रजी चालतं. "शाकाहारी" या एका शब्दावर थांबू नका, वस्तू मोजून लिहा: मांस नाही, मासे-शिंपले नाहीत, मांसाचा किंवा माशांचा रस्सा नाही, जिलेटिन नाही, अंडं चालतं की नाही, दूध-लोणी चालतं. चौघांत कोणाला काय हेही वेगवेगळं लिहा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर होकार लेखी येईपर्यंत पैसे अडकवू नका, कारण तिथल्या जवळजवळ प्रत्येक रश्शात कांद्याच्याच जातीचं काहीतरी पडतं. शाकाहाऱ्यांनी आधी पिक आणि त्र्वाग्रो यांना विचारावं, दोघांच्याही हाताला भाजीपाल्याची गोडी आहे. पिक यांचे बेर्लिंगो, म्हणजे चीज भरलेल्या पास्त्याच्या छोट्या चौटोकी पुड्या, प्रसिद्ध आहेत, पण तेही कुठल्या रश्शात येतात हे विचारूनच मागवा. बोक्यूजचं घर शाकाहाऱ्यांसाठी नाही, उगाच पैसे घालवू नका.

टेबलावर घोटाळा पावापाशी होतो. आधी न मागवता चिमुकले घास येतात, सोबत ऊन पाव आणि उत्तम लोणी. भूक लागलेली असते, दोन पाव संपतात, आणि मुख्य पदार्थ येईपर्यंत माणूस हात टेकतो. ब्रेसची कोंबडी कधी कधी दोन खेपांत येते, आधी छातीचा भाग, मग तंगडी, हेही ध्यानात असू द्या. मग चीजची ढकलगाडी येते. तीन-चार तुकडे मागा आणि सौम्यापासून उग्राकडे खा: आधी बकरीच्या दुधाची रिगोत, मग वाहायला आलेलं सां-मार्सलॅं, कोंते, आणि निळं चीज शेवटी. त्यानंतर गोडाआधीचं गोड, गोड, आणि कॉफीबरोबर पुन्हा चिमुकल्या मिठाया. सकाळी क्रुआसाँ खाऊन निघालात तर इथे पस्तावाल.

पेहरावाला टायची गरज नाही, अर्धी चड्डी आणि चपला मात्र नकोत. साडी, कुर्ता अगदी उत्तम.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या घरी पूर्ण मेनूला वाइन सोडून माणशी दोनशे ते चारशे युरो धरा. बिस्त्रोत त्याच्या पाव भागातही जमतं. नेमका आकडा घराच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघा. मेनूवरच्या किमतीत कर आणि सेवा धरलेली असते, वर दहा-पंधरा टक्के ठेवायची गरज नाही. नळाचं पाणी फुकट मिळतं, पण "काराफ" असं मागावं लागतं. नुसतं "पाणी" म्हटलंत तर बाटली येते आणि बिलात लागते. सुरुवातीला शॅंपेनची गाडी फिरवत "घेणार का?" असं विचारतात. ती पाहुणचाराची नसते, पेल्याला वीस-पंचवीस युरो सहज लागतात. नको असेल तर हसून नाही म्हणा, कोणाला वाईट वाटत नाही.

आणि संपाची बातमी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर रेल्वेचं ॲप बघा, दुसऱ्या दिवशी धावणाऱ्या गाड्यांची यादी तोवर आलेली असते. तुमची गाडी त्यात नसेल तर तेव्हाच खानावळीला फोन करा. सकाळी अकराला केलेल्या फोनवर कार्डाचे पैसे वाचत नाहीत.