खूण कोणाची?

काल रात्री साडेनऊ वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दारात बॅग घेऊन उभा असलेला तरुण, ज्या ॲपवरून आम्ही पाहुण्यांना खोली भाड्याने देतो त्यावरच्या फोटोतला नव्हता. बुकिंग मेहुण्याच्या नावावर आहे, असे त्याने सहज सांगितले. मेहुणा सुरतेत होता.

त्या नावापुढे ‘ओळख पडताळलेली’ अशी खूण मात्र व्यवस्थित झळकत होती. मी ती दाखवताच सासूबाई चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “अगं, ही खूण सुरतेतल्या माणसाची. आपल्या जिन्यात उभा आहे तो कोण?”

त्याने आधार कार्डाची प्रत पुढे केली, तीही १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेली. त्यात गैर काहीच नाही, मीही तशीच देते. पण कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला की नाव आणि फोटो ताडून पाहता येतात, हे ठाऊक असूनही आजवर मी ते एकदाही केले नव्हते. काल केले. दोन्ही जुळले, आणि ओशाळले मीच.

परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, म्हणून त्याचा पासपोर्ट आम्ही निरखून पाहतो. आपल्याकडच्या पाहुण्याला मात्र ती खूण पाहून किल्ली देऊन टाकतो, जरी ती खूण फार तर खातेदाराची कागदपत्रे तपासल्याचे सांगत असली तरी.

सकाळी चहा देताना सासूबाईंनी त्याला गाव विचारलेच. किल्ली हातात ठेवण्यापूर्वी तुम्ही नेमके काय पाहता?