कान दिसला पाहिजे

परवा दुपारी गंगावेशीत चायनीजच्या गाड्यावरच्या पोरानं व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढलं आणि माझा हात आपसूक वर गेला, लाल दिव्याचं बटण शोधायला. बायको म्हणाली, "काय झालं?" काय सांगणार!

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात मालकांचा फोटो स्टुडिओ होता, तिथं मी कामाला. नाव, गिऱ्हाईक, कौतुक सगळं पुढच्या खोलीत. मी मागं, जुन्या मोरीत केलेल्या डार्करूममध्ये. खिडकीला काळा कागद, ओट्यावर फोटो धुवायच्या रसायनांचे तीन ट्रे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते उमटणं थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा हायपो. स्टॉप बाथ म्हणजे पाण्यात ॲसिटिक ॲसिड, तोच हा वास. डेव्हलपरला 20 अंश लागतात. एप्रिलात कोल्हापुरात ते कुठून आणायचे? गोळेवाल्याकडून बर्फ आणून ट्रेभोवती रचायचा. उरलेला आम्हीच खायचो, हायपोच्या बोटांनी. अजून जिवंत आहे.

टायमर नव्हता. मागितला तर मालक म्हणायचे, "सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात कॅमेरा बनवला, आणि तुला सेकंद मोजायला मशीन पाहिजे?" मग फोटोच्या कागदावर उजेड किती सेकंद सोडला ते मनातच मोजायचं. ती खोड गेली नाही. दूध तापताना, लिफ्टमध्ये, कुणी सत्काराला उत्तर देत असताना मी मोजत असतो. सत्काराचं एक्स्पोजर हमखास जास्त होतं.

पैलवानांचे फोटो म्हणजे परीक्षा. अंगाला तेल, वर स्टुडिओचे दिवे. खांदा आणि कान पांढरे फटक यायचे. मालक ओली प्रिंट उजेडात धरून ओरडायचे, "आरं, कान कुठं गेला ह्याचा? सगळी कमाई त्यात हाय की!" खासबागेच्या मैदानात एकवेळ हरलेला चालेल, पण कुस्त्या खेळून मोडलेला कान दिसलाच पाहिजे. फोटोच्या कागदावर जादा उजेड पडला की तेवढा भाग गडद होतो. मग पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्या कानावर जादा उजेड सोडायचा. पुठ्ठा सारखा हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटते. जमलं की कानाची गाठ न् गाठ दिसायची. पैलवान आधी तेच बघायचा, मिशा नंतर.

स्थळाच्या फोटोंचं उलट. "जरा उजळ येऊ द्या," मुलीची आई काउंटरवर हळूच सांगायची. मुलगी पलीकडं कॅलेंडर वाचत उभी. आत एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायच्या यंत्राखाली, मी तिच्या चेहऱ्यावर तळहाताची सावली धरायचो. दोन-तीन सेकंद उजेड अडवला की तेवढा भाग गोरा. गळा विसरून चालायचं नाही, नाहीतर मुखवटा लावल्यासारखं दिसतं. ह्या हातसफाईचा मला तेव्हा फार अभिमान होता.

आणि मग गेलेल्या माणसांचे फोटो. बाराव्याच्या आत हवे असायचे. कुठल्यातरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन घरचे यायचे, मागच्या रांगेत हरभऱ्याएवढा चेहरा. त्याचा 12 बाय 15 करायचा. खांद्यावर शेजारच्याचा हात असला तर मालक ब्रशनं घालवायचे. चेहऱ्याला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी सवयीनं सावली धरायला गेलो तर म्हणाले, "आहे तसा राहू दे. घरच्यांना ओळखू यायला पाहिजे."

मग पोरींचं काय, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, बर्फ आणलास का?