बुद्धिबळात नवख्याने आधी काय शिकावे

बुद्धिबळाचे नियम शिकून झाले, काही काळ खेळून झाले आणि तरीही डावामागून डाव हातचे जात राहिले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: कोणती ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची कोणती ठरलेली मांडणी, शिकू? या प्रश्नामागची तळमळ खरी असते, पण तो फार लवकर विचारला जातो. नवख्या खेळाडूंचे डाव मी आवडीने पाहतो, आणि ओपनिंगमधल्या एखाद्या सूक्ष्म चुकीपायी हरलेला डाव त्यांत मला क्वचितच सापडतो. डाव जातो तो फुकट गेलेल्या घोड्यामुळे, आधी न दिसलेल्या शहामुळे, किंवा प्रतिस्पर्ध्याने नुकतीच केलेली चाल नीट न पाहताच आपली चाल खेळल्यामुळे. म्हणून सुरुवातीच्या काळात शिकण्याची गोष्ट एकच आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ती म्हणजे पटाकडे पाहण्याची सवय. बाकीचा अभ्यास या सवयीला पूरक ठरेल अशाच क्रमाने करावा.

एक अगदी छोटा डाव घेऊ. (घराच्या नावातले अक्षर उभी ओळ सांगते आणि अंक आडवी रांग.) पांढरा राजासमोरचे प्यादे ई४ वर आणतो, काळा ई५ ने उत्तर देतो, आणि दुसऱ्याच चालीला पांढऱ्याचा वजीर एच५ वर येऊन उभा राहतो. इतक्या लवकर वजीर बाहेर काढणे तत्त्वतः चांगले नाही, हे काळ्याने कुठेतरी वाचलेले असते, त्यामुळे त्या वजिराला हुसकावून लावण्याचा मोह त्याला अनावर होतो आणि तो जी६ खेळतो. प्याद्याने वजिरावर हल्ला केला आहे, चाल जोरकस दिसते. पण वजीर ई५ वरचे प्यादे मारतो, मारताना राजाला शह देतो, आणि जी७ चे घर आता मोकळे झालेले असल्यामुळे त्याच वेळी एच८ च्या कोपऱ्यातल्या हत्तीवरही त्याची नजर पडते. राजा वाचवावा तर हत्ती जातो. तीन चालींत डाव जवळपास संपतो.

आता हाच डाव योग्य रीतीने खेळून पाहू. वजीर एच५ वर आला तेव्हा काळ्याने आधी स्वतःला विचारायला हवे होते की या वजिराने नेमके काय काय धरले आहे. ई५ वरच्या प्याद्यावर त्याचा थेट मारा आहे आणि एफ७ वरच्या प्याद्यावर त्याचा डोळा आहे. यांतला तातडीचा धोका ई५ चा, म्हणून काळा घोडा सी६ वर आणतो. प्यादे राखले जाते आणि एक मोहराही बाहेर येतो. पांढरा उंट सी४ वर आणून एफ७ वर मात करण्याची धमकी देतो, कारण सुरुवातीच्या मांडणीत एफ७ च्या प्याद्याला राजाखेरीज दुसऱ्या कोणाचाही आधार नसतो. या क्षणी दुसरा घोडा एफ६ वर आणून वजिरावर हल्ला करण्याचा मोह पुन्हा होतो, आणि तो आवरला नाही तर वजीर एफ७ वर येऊन थेट मात देतो. इथे बरोबर चाल आहे जी६, म्हणजे मघाशी ज्या चालीने हत्ती गेला तीच. आता ई५ ला घोड्याचा आधार असल्यामुळे वजिराला तिथे जाता येत नाही. तो एफ३ वर मागे सरून पुन्हा एफ७ कडे बोट दाखवतो, काळा आता निर्धास्तपणे घोडा एफ६ वर आणून ती वाट बंद करतो, आणि काळ्याचे दोन्ही घोडे मैदानात उतरलेले असताना पांढऱ्याचा वजीर मात्र स्वतःच्याच घोड्याच्या हक्काचे घर अडवून बसलेला असतो.

हा डाव मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण नवख्याच्या बहुतेक चुका याच साच्याच्या असतात. त्याला हल्ला दिसतो, हल्ल्याचे उत्तर दिसत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याने चाल केली की ती चाल कशासाठी आहे, त्या मोहऱ्याने आता कोणती घरे धरली, कोणते घर सोडल्यामुळे कोणाचा आधार गेला आणि त्याच्या मागच्या उंटाची, हत्तीची किंवा वजिराची वाट उघडली का, हे पाहिल्याशिवाय स्वतःच्या योजनेकडे वळू नये. मग आपली चाल ठरवावी, आणि ती खेळण्यापूर्वी पुन्हा एकदा प्रतिस्पर्ध्याच्या जागी बसून पाहावे: या चालीनंतर त्याला कोणकोणते शह देता येतात, काय काय मारता येते, आणि कोणती नवी धमकी उभी करता येते. याच क्रमाने पाहण्याचे कारण असे की शहाला उत्तर द्यावेच लागते, त्यामुळे तो दुर्लक्षित राहिला तर सर्वांत महाग पडतो. पूर्वी काही प्रशिक्षक चाल आधी कागदावर लिहून, मग पटाकडे नव्या नजरेने पाहून, त्यानंतरच ती खेळायला सांगत असत. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या सध्याच्या नियमांनुसार स्पर्धेत चाल खेळण्याआधी लिहिण्यास मनाई आहे, तेव्हा हा उपाय सरावापुरता ठेवावा, पण सरावात तो फार उपयोगी पडतो.

मारामारीचा हिशेब करताना मोहऱ्यांचे ढोबळ मोल पाठ असावे: प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. एखाद्या घरावर दोन्ही बाजूंचे मोहरे रोखलेले असतील, तर कोण कोणाला कोणत्या क्रमाने मारेल हे शेवटपर्यंत मोजावे. अर्ध्यावर मोजणे थांबवून चाल करणे ही नुकसानीची हमखास वाट आहे.

ही सवय अतिजलद डावांतून लागत नाही. प्रत्येकी १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळेच्या डावाला फिडे ब्लिट्झ म्हणते, आणि तितक्या वेळात अनुभवी खेळाडू आधीच्या साठ्यावर खेळतो; नवख्याकडे तो साठाच नसल्यामुळे तो फक्त हात चालवतो. अर्ध्या तासाचा एक डाव विचारपूर्वक खेळावा आणि तो नंतर पाहावा, हे लागोपाठच्या अनेक ब्लिट्झ डावांपेक्षा कितीतरी जास्त शिकवते. ब्लिट्झमध्ये मौज आहे आणि ती कोणाला नाकारण्याचे कारण नाही, मात्र त्या मौजेला कोणी सराव म्हणू नये.

हा साठा म्हणजे नेमके काय, यावर मानसशास्त्रात फार सुंदर काम झाले आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात श्रेष्ठ खेळाडू विचार कसा करतात याचा शोध घेतला होता. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट अवघी काही सेकंद दाखवून तो आठवणीतून पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असली की मास्टरला नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरे अचूक मांडता येत. मोहरे कसेही विखरून ठेवले की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होत असे. त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. सुटे सुटे मोहरे लक्षात ठेवण्याऐवजी तो ओळखीच्या रचना पाहत होता, आणि अशा रचना ओळखीच्या होतात त्या वारंवार समोर आल्यानेच.

सरावाची कोडी सोडवण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला. पिन, म्हणजे मागे राजा किंवा मोठा मोहरा असल्यामुळे जागचा हलू न शकणारा मोहरा. पुढचा मोहरा बाजूला होताच मागच्या मोहऱ्याचा उघडा पडणारा शह. आणि कॅसलिंग (राजा व हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणे) केलेला राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे अडकून शेवटच्या रांगेत होणारी मात. सुरुवातीला एवढे विषय भरपूर आहेत. एक विषय धरून त्याची सोपी कोडी इतकी सोडवावीत की उत्तर पाहताक्षणी दिसावे. अवघड कोड्याशी तासभर झुंजण्यात अभिमान वाटतो खरा, पण या टप्प्यावर सोप्या कोड्यांचा मोठा ढीग अधिक लाभाचा असतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: उत्तर मनात पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्युत्तरासकट झाल्याशिवाय, पहिली चाल खेळू नये. अंदाजाने चाल करून बरोबर आली की पुढे जायचे, ही रीत डावातली घाईच पक्की करते.

ओपनिंगविषयी थोडक्यातच सांगतो, कारण या टप्प्यावर तिचा पसारा वाढवू नये. मध्यावर प्यादे न्यावे, घोडे आणि उंट बाहेर काढावेत, कॅसलिंग लवकर करावे, आणि सबळ कारण नसताना तोच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून ई४ ला व डी४ ला एकेक अशी मांडणी निवडावी आणि तीच खेळत राहावी. चाली पाठ असूनही त्यामागचे कारण ठाऊक नसेल, तर प्रतिस्पर्ध्याने पहिली अनोळखी चाल करताच ते पाठांतर निरुपयोगी ठरते.

याउलट एंडगेमला, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटच्या टप्प्याला, नवखे खेळाडू जेवढा वेळ देतात त्याहून पुष्कळ अधिक वेळ द्यायला हवा. १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते असलेले कापाब्लांका यांनी खेळ सुधारायचा असेल तर सर्वांत आधी एंडगेमचा अभ्यास करावा असे आग्रहाने सांगितले आहे, आणि त्यामागचा विचार मला पूर्णपणे पटतो. पटावर मोजकेच मोहरे असले की प्रत्येकाची ताकद स्पष्ट दिसते आणि एकेका चालीचे मोल कळते.

उदाहरणार्थ, पांढऱ्याचा राजा डी६ वर, प्यादे ई६ वर आणि काळ्याचा राजा ई८ वर आहे. पटावर दुसरे काहीही नाही. खेळण्याची पाळी पांढऱ्याची असेल तर तो ई७ खेळतो. त्या प्याद्याने शह बसत नाही, काळ्या राजाला एफ७ वर जाण्यावाचून गत्यंतर नसते, पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. आता मोहरे जागच्या जागी ठेवून पाळी काळ्याची आहे असे समजा. तो राजा डी८ वर नेतो. पांढऱ्याने ई७ खेळले तर या वेळी शह बसतो, काळा राजा ई८ वर परततो, आणि पांढऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात: प्यादे सोडून द्यावे, किंवा राजा ई६ वर आणून ते राखावे. दुसरा पर्याय घेतला की काळ्याला शह नसतो आणि खेळायला एकही चाल नसते, म्हणजे स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटतो. काळ्याने सुरुवातीला डी८ ऐवजी एफ८ निवडले असते, तर पांढरा राजा डी७ वर येऊन जिंकला असता. पट मांडून ही स्थिती दोन्ही बाजूंनी खेळून पाहावी. चार मोहरेही नसलेल्या पटावर केवळ पाळी कोणाची यावर निकाल ठरतो, हे एकदा स्वतः अनुभवले की चालींचा हिशेब करण्याची गोडी लागते.

त्याआधी अर्थातच एकट्या वजिराने आणि एकट्या हत्तीने मात देता आली पाहिजे. वजिराच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे, कारण जिंकलेला डाव स्टेलमेट करून घालवण्याचे प्रकार नवख्यांत सर्वाधिक तिथेच घडतात. प्रतिस्पर्ध्याकडे एकटा राजा उरला असेल तर आपल्या प्रत्येक चालीनंतर त्याला हलायला घर उरते का, हे तपासावे.

आणि शेवटी स्वतःचे डाव. ते लिहून ठेवावेत, मग ते जिंकलेले असोत वा हरलेले. डाव संपल्यावर लगेच संगणकाचे इंजिन सुरू करू नये. आधी स्वतःच डाव पुन्हा मांडून पारडे कुठे फिरले आणि त्या क्षणी आपण काय विचार करत होतो, हे चालीशेजारी दोन शब्दांत लिहावे. इंजिन नंतर दाखवेल की चूक कोणती होती, पण ती का झाली हे त्याला ठाऊक नसते. ते फक्त खेळणाऱ्याला सांगता येते, आणि तेही आठवण ताजी असेपर्यंतच. इंजिनने काढलेल्या बारीकसारीक उणिवांकडे तूर्त पाहू नये. मोहरा गेला किंवा मात चुकली अशाच जागा तपासाव्यात. असे बरेच डाव जमले की चुकांची जात कळू लागते. कोणाला लांबून तिरका मारा करणारा उंट दिसत नाही, कोणी घोड्याच्या उड्या विसरतो, कोणी आघाडी मिळताच घाई करतो, तर कोणाचे लक्ष आपला हल्ला रंगात आला की स्वतःच्या राजावरून उडते. पुढच्या आठवड्यात कोणत्या विषयाची कोडी सोडवायची, हे मग या नोंदींवरूनच ठरवावे.